रंगाची पुडी : अन्नातील कृत्रिम रंगांवरील बंदीचा इतिहास आणि आपली तीन शहरे

१/२२
खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंगांवर कायद्याने बंदी घालावी, ही मागणी सध्या जगभर जोर धरते आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ साली शाळांतील खाण्यात सहा कृत्रिम रंगांना मनाई करणारा कायदा केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ‘रेड ३’ या रंगाची मान्यता काढून घेतली. आपल्याकडे तमिळनाडू आणि कर्नाटक यांनी २०२४ साली काही पदार्थांपुरते आदेश काढले. महाराष्ट्रानेही असा कायदा करावा काय? माझे उत्तर ‘करावा’ असे आहे. मात्र त्याची सुरुवात हलवायाच्या कढईपासून होऊ नये, रंगाच्या पुडीपासून व्हावी. हे मत मी दोनशे वर्षांच्या इतिहासाच्या आधारे मांडतो आहे. मित्रहो, थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/२२
या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे निवडली आहेत. कारण साधे आहे. रंग खाणारे लाखो लोक येथे राहतात आणि रंगांचे रसायनशास्त्र ज्यांच्या भट्ट्यांत शिजते ते कारखानेही येथेच आहेत. इतर शहरांत कायद्याची चर्चा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. येथे कारखान्याचे फाटक, घाऊक बाजार, हातगाडी आणि नदी ही चारही ठिकाणे काही किलोमीटरांच्या टप्प्यात सापडतात. रंग कोठून निघतो आणि कोठे पोहोचतो, हा संपूर्ण प्रवास पाहायचा असेल, तर याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

३/२२
भेसळीविरुद्धचा कायदा ही काही आधुनिक कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगरूपाची हलकी वस्तू मिसळणाऱ्यास १२ पणांचा दंड सांगितला आहे. तेथे वापरलेला ‘समवर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ग्राहक फसतो तो डोळ्यांमुळे, हे त्या शास्त्रकाराने अचूक ओळखले होते. निकृष्ट माल उत्कृष्ट दिसावा यासाठी रंग कामी येतो. अंड्याविना केलेला केक अंड्याचा वाटावा, केशराविना केलेली मिठाई केशरी दिसावी, शिळे मांस ताजे भासावे, हे त्याच जुन्या युक्तीचे आजचे प्रकार आहेत. म्हणून अन्नरंगाच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत : एक आरोग्याची, दुसरी फसवणुकीची.

४/२२
आता एकोणिसाव्या शतकातील लंडनकडे वळू. १८२० साली फ्रेडरिक अक्युम या जर्मन रसायनज्ञाने अन्नातील भेसळ आणि विषे यांवर ग्रंथ लिहिला आणि भेसळ करणाऱ्यांची नावे उघडपणे छापली. त्यानंतर सुमारे दशकभराने विल्यम ओशॉघ्नेसी या तरुण डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मिठायांच्या रंगांवर लेख लिहिला. मुलांच्या मिठायांत शिसे, तांबे आणि पारा यांची संयुगे रंग म्हणून घातली जात होती. हाच ओशॉघ्नेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानातील तारायंत्राची पहिली जाळी त्याच्या देखरेखीखाली विणली गेली. तारायंत्राच्या इतिहासात त्याचे नाव आपण वाचतो. मिठाईच्या इतिहासात ते सहसा विसरले जाते.

५/२२
१८५० च्या दशकाच्या आरंभी आर्थर हिल हॅसल या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लंडनच्या बाजारातील नमुने तपासले आणि त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने दुकानदारांच्या नावापत्त्यांसह प्रसिद्ध केले. पिवळ्या मिठाईत शिशाचे क्रोमेट, लाल मिठाईत शेंदूर, हिरव्या मिठाईत तांबे आणि आर्सेनिक यांचे संयुग असा तो हिशेब होता. यांतील एकही रंग प्रयोगशाळेत नव्याने घडवलेल्या ‘कृत्रिम’ रंगांच्या कुळातला नव्हता. सगळे खनिज रंग होते आणि सगळे जुने होते. ‘पूर्वीचे ते सारे शुद्ध’ ही समजूत इतिहासाच्या पहिल्याच पानावर टिकत नाही. या शोधांमुळे उसळलेल्या लोकमतातून ब्रिटनमध्ये १८६० आणि १८७५ चे अन्नविषयक कायदे घडले.

६/२२
याच सुमारास, १८५६ साली, विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करू पाहत होता. क्विनाइन हाती लागले नाही. लागला तो एक जांभळा रंग. दगडी कोळशापासून दिव्यांचा वायू काढताना जे डांबर उरे, त्यातून मिळणाऱ्या रसायनांपासून तो बनला होता. पाहता पाहता डांबरातून शेकडो रंग निघू लागले. आरंभी त्यांचे स्वागत सुधारणा म्हणून झाले, ही गोष्ट आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. शिसे आणि आर्सेनिक यांच्या तुलनेत हे नवे रंग निर्धोक भासले. थोडक्या रंगात भरपूर छटा मिळे, आणि खाणारा लगेच आजारी पडत नसे. एका पिढीने जो उपाय म्हणून स्वीकारला, तोच पुढच्या पिढीच्या चौकशीचा विषय झाला.

७/२२
डांबर आणि मुंबई यांचे नाते सांगणारा एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले. संगमरवरावरील तो डाग भल्याभल्यांना निघेना, अखेर प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनज्ञाने तो काढला. हे गज्जर म्हणजे बडोद्याच्या कलाभवनात रंगशास्त्राचे शिक्षण सुरू करणारे अध्यापक. ज्या डांबराने राणीचा पुतळा काळवंडला, त्याच डांबराच्या पोटातून निघणारे रंग जर्मनीहून जहाजे भरभरून मुंबईत उतरत होते आणि गिरण्यांचे सूत रंगवीत होते. ते रसायनशास्त्र हिंदी तरुणांनी आत्मसात करावे, यासाठी गज्जरांनी आयुष्य वेचले.

८/२२
निळीची कथा तुम्हांस ठाऊक असेल. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती कोसळू लागली. तिच्या अखेरच्या काळातील जुलमातून १९१७ चा चंपारण सत्याग्रह उभा राहिला. आता उल्हासनगरकडे या. जीन्सच्या कपड्यांसाठी हे शहर देशभर ओळखले जाते आणि जीन्सची निळाई याच कृत्रिम निळीची. त्या निळीच्या रेणूला गंधकाम्लाच्या प्रक्रियेने पाण्यात विरघळण्याजोगे केले की ‘इंडिगो कार्मीन’ तयार होते. आपल्या देशात अन्नात घालण्यास परवानगी असलेल्या रंगांपैकी तो एक आहे. पायातील जीन्स आणि ताटातील निळी मिठाई एकाच घराण्यातील आहेत. म्हणून दोन्ही सारख्याच घातक ठरत नाहीत. पण दोहोंमधील भिंत किती पातळ आहे, हे ध्यानात यावे.

९/२२
ही भिंत का हवी, हे ‘बटर यलो’ने शिकवले. लोणी आणि मार्गारिन यांना पिवळेपणा देण्यासाठी हा रंग वापरला जाई. १९३० च्या दशकात जपानी संशोधकांनी तो उंदरांना खाऊ घातला आणि त्यांच्या यकृतात कर्करोग उद्भवला. पाण्यात न विरघळणारे, चरबीत मुरणारे असे काही रंग शरीरात साठतात, त्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे घातक ठरू शकतात, हे तेव्हा उघड झाले. म्हणूनच अन्नासाठी निवडलेले बहुतेक रंग पाण्यात विरघळणारे असतात आणि त्यांतील पुष्कळसा भाग आतड्यांतून रक्तात न जाता बाहेर पडतो. अन्नरंग आणि कापडरंग यांतील फरक छटेत दिसत नाही. तो रेणूच्या घडणीत आणि शुद्धतेत असतो, आणि तेथे डोळा पोहोचत नाही.

१०/२२
डोळा जेथे पोहोचत नाही तेथे यादी कामी येते. अमेरिकेने १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा केला, तेव्हा बाजारात सुमारे ८० कृत्रिम रंग अन्नात वापरले जात होते. बर्नहार्ड हेस या रसायनज्ञाने त्यांची छाननी केली आणि १९०७ साली केवळ ७ रंगांना मान्यता मिळाली. ‘अमुक रंग वर्ज्य’ असे न म्हणता ‘एवढेच रंग ग्राह्य’ असे म्हणणे ही कायद्याच्या इतिहासातील मोठी झेप होती. कारण वर्ज्य वस्तूंची यादी कधीच पुरी होत नाही. तरीही यादीतील नाव म्हणजे कायमचे अभय नव्हे. १९५० साली हॅलोवीनच्या सणात नारिंगी मिठाई खाऊन मुले आजारी पडली. त्या मिठाईतील ‘ऑरेंज १’ हा मान्यताप्राप्त रंग होता. पुढे तो यादीतून गेला.

११/२२
आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा केला होता. स्वतंत्र भारताचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. तो १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याच्या नियमांत अन्नरंगांचा उल्लेख ‘कोलटार’ रंग असाच होता. कायद्यानेच डांबराचे नाव घेतले होते. अनुमत रंगांची यादी काळाच्या ओघात आखूड होत ८ वर आली : पाँसो ४ आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन हे तीन लाल, टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे दोन पिवळे, इंडिगो कार्मीन आणि ब्रिलियंट ब्लू हे दोन निळे, आणि फास्ट ग्रीन हा एक हिरवा. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने २०११ पासून जुन्या कायद्याची जागा घेतली; हे आठ रंग राहिले.

१२/२२
या आठांनाही दोन कुंपणे आहेत. पहिले पदार्थाचे. मिठाई, बिस्किटे, आइस्क्रीम अशा ठरावीक पदार्थांतच त्यांना वाव आहे; हळद, तिखट, डाळ यांत मुळीच नाही. जिलबीत जो पिवळा रंग कायदेशीर, तोच मंचुरियनमध्ये बेकायदेशीर. दुसरे कुंपण मात्रेचे. साधारणपणे एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलो मिठाईला मिळून एक ग्रॅम. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. कारागिराजवळ ग्रॅमचा दशांश मोजणारा काटा नसतो. तो चिमटीने रंग टाकतो आणि डोळ्यांनी छटा पाहतो. गिऱ्हाइकाला गडद आवडते, म्हणून आणखी एक चिमूट पडते. कायदा मिलिग्रॅममध्ये बोलतो आणि कढई चिमटीत बोलते. या दोन भाषांमध्ये दुभाषा कोणी नेमलेलाच नाही.

१३/२२
खरा धोका मात्र आठांच्या यादीबाहेर आहे. मेटानिल यलो हा कातडे, कागद आणि कापड यांसाठीचा पिवळा रंग. र्‍होडामिन बी हा असाच झगझगीत गुलाबी. दोन्ही स्वस्त, गडद आणि उष्णतेत टिकणारे. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेने कित्येक दशके बाजारातील नमुने तपासून असे अननुमत रंग अन्नात वारंवार सापडत असल्याचे दाखवले आहे. छोट्या आणि ग्रामीण बाजारांत विशेष. लाडू, जिलबी, डाळ, हळद, ‘म्हातारीचे केस’ या सगळ्यांत हे रंग आढळतात. सुट्या पुडीत मिळणाऱ्या पिवळ्या भुकटीवर नाव नसते, परवान्याचा क्रमांक नसतो. विकणाऱ्यालाही ती टार्ट्राझिन आहे की मेटानिल यलो, हे पुष्कळदा ठाऊक नसते. माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाची गाठ त्या निनावी पुडीत आहे.

१४/२२
आता आपल्या शहरांचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. रिकाम्या हातांनी आलेल्या या समाजाने पापड, मिठाई, कापड अशा घरगुती उद्योगांतून शहर उभे केले. शेजारी कल्याणला इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीजचा रंगकारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रंगद्रव्ये, त्यांचे कच्चे घटक आणि औषधी रसायने बनवणारे लहानमोठे कारखाने वाढले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागात कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी रंगरसायनाची जी शाळा घडवली, तिच्या विद्यार्थ्यांचा या उद्योगाच्या उभारणीत मोठा वाटा होता.

१५/२२
येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कापडाचा रंग बनवणे हा गुन्हा नाही. तो प्रतिष्ठित उद्योग आहे, त्यावर हजारो घरे चालतात. प्रश्न असा की फाटकाबाहेर पडल्यावर त्या रंगाचा माग कोण ठेवतो? सांडपाण्याच्या बाबतीत काय झाले, ते वालधुनीला विचारावे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख मिरवणारे अंबरनाथचे शिवमंदिर ज्या नदीकाठी उभे आहे, ती हीच वालधुनी. उद्योगांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने तिची आणि उल्हास नदीची जी दशा झाली, तिचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. नदीचा रंग बदललेला सर्वांना दिसतो, तरी दाद मिळायला वर्षे लागतात. पुडीतून ताटात गेलेला रंग तर कोणालाच दिसत नाही.

१६/२२
२०२४ च्या कर्नाटकातील तपासणीने या प्रश्नाचे दोन पदर वेगळे करून दाखवले. तेथे गोबी मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ आणि कापूसमिठाईच्या २५ पैकी १५ नमुने असुरक्षित निघाले. कापूसमिठाईतील मोठा दोष होता र्‍होडामिन बी, म्हणजे यादीबाहेरचा रंग. जूनमध्ये कबाबांचे ३९ नमुने तपासले गेले, त्यांपैकी ८ नापास झाले. त्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिन होते, म्हणजे यादीतलेच रंग, पण चुकीच्या पदार्थात. पहिल्या प्रकारात विष बाजारात कसे आले, हा प्रश्न आहे. दुसऱ्यात नियम स्वयंपाकघरात का पोहोचला नाही, हा. दोन्हींना ‘कृत्रिम रंग’ या एकाच नावाने संबोधून एकच बंदी घातली, तर दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहतील.

१७/२२
मग आठ अनुमत रंग निर्दोष मानावेत काय? मी तसे म्हणत नाही. एरिथ्रोसिन म्हणजेच अमेरिकेचा ‘रेड ३’. उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे तेथे तो १९९० साली सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार झाला. अन्नातून हटवण्याचा निर्णय व्हायला २०२५ उजाडले. ओठांना लावण्यास वर्ज्य असलेला रंग पस्तीस वर्षे मुलांच्या मिठाईत चालला. आपल्या यादीत तो आजही आहे. २००७ साली ब्रिटनमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांतील अतिचंचलता वाढल्याचे दिसले. युरोपने त्या सहा रंगांवर बंदी घातली नाही. जुलै २०१० पासून पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे केले. तो इशारा छापण्यापेक्षा अनेक उत्पादकांनी रंगच बदलले.

१८/२२
या आठांचीही टप्प्याटप्प्याने रजा घ्यावी, आणि आरंभ शाळांच्या उपाहारगृहांपासून व लहान मुलांच्या खाऊपासून व्हावा, असे माझे मत आहे. रंगाने अन्नाचे पोषण वाढत नाही, ते टिकतही नाही. मग थोडासाही धोका कशासाठी पत्करावा? पण क्रम चुकला तर अनर्थ होईल. परवानाधारक अन्नरंगावर आधी बंदी आली आणि निनावी पुडी तशीच राहिली, तर गडद रंगाला चटावलेला बाजार कोणाकडे वळेल? टार्ट्राझिनची जागा गाजर किंवा केशर घेणार नाही. ती मेटानिल यलो घेईल. सद्हेतूने केलेल्या कायद्यातून अधिक घातक रंग ताटात येईल. महाराष्ट्राने गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी घातली. अन्नसुरक्षा कायद्यानुसार असा आदेश एका वर्षापुरता असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. गुटखा टपरीवर आजही कसा मिळतो, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

१९/२२
बंदी कधीच यशस्वी होत नाही, असे मात्र नाही. बांगलादेशात हळदीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळले जाई. हॅसलने लंडनच्या मिठाईत पकडलेला तोच खनिज रंग. २०१९ साली तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे आढळले होते. २०२१ साली ते प्रमाण शून्यावर आले. हे घडले कसे? संशोधकांनी शिशाचा माग हळदीपर्यंत पोहोचवला. शासनाने घाऊक बाजारावर जागच्या जागी तपासणी करणाऱ्या यंत्रांसह छापे घातले आणि दंडाच्या बातम्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या. व्यापाऱ्यांना व गृहिणींना धोका समजावून सांगितला गेला. लक्ष्य होते रंग मिसळला जाण्याची जागा आणि घाऊक व्यापार. भाजी शिजवणाऱ्या शेवटच्या माणसाला कोणी दोषी धरले नाही. दोन वर्षांत जे साधले, ते कित्येक दशकांच्या नियमांना साधले नव्हते.

२०/२२
या इतिहासावरून महाराष्ट्राच्या संभाव्य कायद्यात चार गोष्टी असाव्यात.
एक : नाव, परवाना क्रमांक आणि वापराची मर्यादा छापल्याशिवाय कोणताही रंग किरकोळीने विकता येऊ नये. सुटी पुडी हाच गुन्हा ठरावा आणि उत्तरदायित्व विक्रेत्यापासून घाऊक पुरवठादारापर्यंत चढत जावे.
दोन : अन्नरंग किरकोळ बाजारात सौम्य द्रावणाच्या रूपातच मिळावा, इतका सौम्य की एक झाकण म्हणजे एक किलोचे माप. चिमटीला मिलिग्रॅम शिकवण्याचा हाच मार्ग आहे.
तीन : छोट्या वेष्टनातील औद्योगिक रंगात कडू द्रव्य मिसळावे. पिण्याचे मद्य आणि कारखान्याचे स्पिरिट वेगळे राहावे म्हणून स्पिरिट बेचव करतात. शिधावाटपाच्या रॉकेलची चोरी ओळखू यावी म्हणून ते निळे करीत. तीच युक्ती येथे उलट वापरावी.
चार : तपासणीची फिरती व्यवस्था शहराच्या बाजारात यावी आणि निकाल जाहीर व्हावेत. हॅसलची शक्ती त्या जाहीरपणात होती.

२१/२२
आक्षेप येईल की छोट्या विक्रेत्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. नैसर्गिक रंग महाग असतात, उन्हात फिकटतात, तापल्यावर बदलतात. होळीच्या सुमारास उल्हासनगरच्या मिठाईच्या दुकानांत केशरी घीयरचे ढीग लागतात; केवळ केशराने ते रंगवायचे तर भाव कोणाला परवडेल? पण फिकट घीयर चवीला उणा नसतो. सणाचा पदार्थ भडक असावा, ही सवय आपल्या जिभेची नाही, डोळ्यांची आहे, आणि डोळ्यांची सवय बदलता येते. हळद, बीट, शेंदरीच्या बिया, कोकम यांनी आपल्या स्वयंपाकाला पिढ्यान्‌पिढ्या रंग दिला आहे. बदलापूरच्या जांभळाचे सरबत करून पाहावे, त्याला वरून रंग लागत नाही. शासनाने संक्रमणाच्या काळात विक्रेत्यांना प्रशिक्षण आणि मापाची पुडी स्वस्तात द्यावी. दंडाची पहिली पावती हातगाडीवाल्याच्या हाती पडली आणि पुरवठादार मोकळा राहिला, तर तो कायदा अन्यायाचा ठरेल.

२२/२२
अक्युम, ओशॉघ्नेसी आणि हॅसल यांच्या हाती सत्ता नव्हती. त्यांनी एवढेच विचारले की हा रंग कोठून आला. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांसही आहे. पुढच्या वेळी लालभडक चायनीज भेळ किंवा गुलाबी कापूसमिठाई घेताना विक्रेत्याला रागावू नका. रंगाचे पाकीट दाखवा, असे नम्रपणे म्हणा. पाकीट असेल तर त्यावरील नाव वाचा आणि वर दिलेल्या आठांशी ताडून पाहा. नसेल तर तो पदार्थ सोडा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवा. तक्रारीत शक्य असल्यास पुडी कोठून घेतली तेही लिहा, कारण तपास तेथूनच पुढे सरकतो. बंदीचा कायदा विधिमंडळात येईल तेव्हा येईल. तो आला की आपल्या आमदाराला एकच विचारा : यात निनावी पुडीसंबंधी कोणते कलम आहे?